एका बोलरची अदलाबदल

मंगळवारी सकाळी आबासाहेबांनी मजकूर मराठीत सांगितला आणि कमलाकर मंगळवेढेकराने तो इंग्रजीत टाइप करायला घेतला. गिरणीच्या टाइम-ऑफिसात बारा वर्षं काढलेल्या कमलाकरला असल्या पत्रांचं नवल नव्हतं. कापसाच्या गाठी, बॉयलरचे सुटे भाग, इन्स्पेक्टरची तक्रार, सगळं त्याच्याच बोटांखालून जायचं. पण हे पत्र दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानाच्या राजेसाहेबांना होतं आणि विषय क्रिकेटचा होता. त्यामुळे त्याचे कान टवकारले. गिरणीच्या टीमचा स्कोअर तोच लिहीत असे.

"लिहा," आबासाहेब म्हणाले. आबासाहेब गिरणीचे मॅनेजर आणि टीमचे अध्यक्षही. "आमचा डावखुरा बोलर सिदू बंडगर याला येत्या महिन्यापासून कायमचा आपल्या पदरी पाठवीत आहोत. त्याच्या बदल्यात आपले बॅट्समन एकनाथ सांगवडेकर आमच्याकडे यावेत. आणि गेल्या शिकारीत कबूल केल्याप्रमाणे कारवानी कुत्र्यांची एक जोडी."

कमलाकरची बोटं थांबली.

"जोडी म्हणजे, साहेब?"

"नर आणि मादी. सहा महिन्यांची आहेत दोन्ही. राजेसाहेबांकडची पैदास म्हणजे काय विचारता!" आबासाहेबांचा चेहरा उजळला होता. "टाइप करा आणि सहीला आणा."

कमलाकरने 'कारवानी'चं स्पेलिंग अंदाजाने केलं, पत्र पुरं केलं, सही घेतली, पाकीट बंद केलं. जागेवर येऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली कानशिलं तापली आहेत.

सिदू बंडगर हा होटगीच्या बाजूचा मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा. चार वर्षांपूर्वी गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात बिगारी म्हणून लागला. एकदा मैदानाच्या कडेने घरी जाताना त्याच्या पायाशी चेंडू आला आणि त्याने तो असा परत भिरकावला की ऐंशी पावलांवरून यष्ट्यांमागच्या माणसाच्या हातात सणकन बसला. दुसऱ्या रविवारी आबासाहेबांनी त्याला पांढरी विजार दिली. तेव्हापासून सोलापूरच्या कुठल्याच टीमला त्याच्यापुढे धड उभं राहता आलं नव्हतं. गेल्या सीझनला त्याने एक्केचाळीस विकेटा काढल्या. त्यातली एकूण एक कमलाकरच्या वहीत होती.

आणि पगार? अठरा रुपये. बिगाऱ्याचे सतरा, आणि बोलिंगचा एक. पुण्याहून आणलेल्या बॅट्समनला साठ रुपये होते. तो कागदोपत्री असिस्टंट स्टोअर-कीपर होता आणि स्टोअरला दार कुठून आहे हे त्याला सांगता आलं नसतं. पगारपत्रक कमलाकरच्या हातातून जाई, त्यामुळे हे त्याला आण्यापैपर्यंत ठाऊक होतं. गेटासमोरच्या विरुपाक्षच्या हॉटेलात दोन वर्षं तो यावर तावातावाने बोलत आला होता. कोण कुठल्या टीमकडे गेला, कुणाला कुणी फोडलं, कुणाची लायकी किती आणि त्याला मिळतात किती. संध्याकाळी पाचच्या भोंग्यानंतर तिथे दुसरा विषय नसे.

त्या संध्याकाळी कमलाकरने सरळ सांगून टाकलं. गुप्त पत्र बाहेर फोडू नये, हे त्याला कळत होतं. पण पोटात राहीना.

"सिदूला देऊन टाकलं. एका बॅट्समनच्या आणि दोन कुत्र्यांच्या बदल्यात!"

 बाकावरच्या मुकादमांपैकी एकजण म्हणाला, "संस्थानात जाईल म्हणजे नशीब काढलं की. तूप खाईल, फेटा बांधेल."

"पंचवीस तरी देतीलच," दुसरा म्हणाला.

"आणि आपल्या टीमचं काय? बोलर देऊन बॅटवाला घ्यायचा, ही कुठली अक्कल?"

विरुपाक्षने गल्ल्यामागून मान वर केली. कानडी वळणाने तो म्हणाला, "कमलाकरराव, कुत्री कारवानी म्हणता? मग सौदा तसा वाईट नाही हां. एकेकाला शंभर-सव्वाशे पडतात."

सगळे हसले. त्या हसण्याने कमलाकरच्या डोक्यात तिडीक गेली.

"माणूस आहे तो!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या बाकावरचे दोघे दचकले. "बैलबाजार आहे का हा? दात बघून किंमत करताय! त्याला कुणी विचारलं तरी का?"

"तुमी विचारलं का?" विरुपाक्ष सहज म्हणाला.

कमलाकरने अर्धा कप तसाच ठेवला आणि तो उठला.

गिरणीच्या चाळीत सिदूची खोली शेवटची. उंबऱ्यात बसून तो पायाला तेल चोळत होता. त्याची बायको मायाक्का नुकतीच रिळाच्या खात्यातून आली होती आणि चूल पेटवत होती. कमलाकर कधी चाळीत येत नसे. त्याला बघून सिदू गडबडीने उठला.

"या की भाऊसाहेब. हितं बसा, घोंगडं टाकतो."

कमलाकर बसला नाही. उभ्याउभ्या त्याने सगळं सांगितलं. सिदू ऐकत राहिला, आणि कुत्र्यांपाशी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं.

"कारवानी? मग बरी किंमत केली म्हनायची. आमच्या कळपाला एक असतं तर लांडग्याची काय बिशाद व्हती!"

"हसतोस काय गाढवा?" कमलाकर म्हणाला. "तुला लाज नाही वाटत?"

"लाज मला कशाची भाऊसाहेब? म्या थोडंच इकलं मला?" सिदूचं हसू मावळलं. तो खाली बघत म्हणाला, "न्हाय म्हनलं तर काम जाईल. साहेब म्हनतील, चाळ सोड."

मायाक्का चुलीपासून उठली. हाताची राख तिने लुगड्याला पुसली.

"आन् मी? मी कुटं जायाचं? रिळाचं काम सोडून त्या राजाच्या गावात शेण्या थापू? होटगीला आत्याबाई हायती, त्यांच्या डोळ्याला दिसंना झालंय. दर बाजाराला मी जाती म्हनून त्यांच्या पोटात भाकर जाती. ह्ये कुनी इचारलं का?"

"तेच तर मी म्हणतोय, मायाक्का. हा अन्यायच आहे. मी आज हॉटेलात सगळ्यांना तोंडावर सांगितलं..."

"पत्र कुनी लिवलं?"

कमलाकर आपल्या वहाणांकडे बघू लागला.

"कुनी लिवलं भाऊसाहेब?"

"मी. म्हणजे साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं."

"मग तवा हात का न्हाय थांबला?"

"थांबला होता," कमलाकर म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "स्पेलिंगसाठी."

स्पेलिंग म्हणजे काय हे मायाक्काला माहीत नसावं. पण उत्तर काय आहे ते तिला बरोबर कळलं.

"दोन वरसं झाली, तुमी हाटेलात ह्येंच्या अठरा रुपयाचं गाऱ्हानं सांगताय. आमाला येतंय ऐकू. समद्या गिरणीला येतंय. साहेबाला एकदा तरी सांगितलं का? त्येंच्याच शेजारच्या खोलीत बसताय की!"

"मायाक्का, गप," सिदू म्हणाला. "भाऊसाहेब आपल्या भल्याचं बोलायला आल्यात."

"भल्याचं हितं येऊन काय बोलायचं? आपल्याला ठावंच हाय."

कमलाकर घरी आला तो जेवलाच नाही. बायको सरोजिनीने दोनदा विचारलं. आबासाहेबांचा त्याला राग होताच. त्या बाईचाही आला, कारण तिचं म्हणणं खरं होतं. आणि सगळ्यांत जास्त राग त्याला आपल्या बोटांचा आला.

बुधवारी तो आबासाहेबांच्या खोलीत गेला. बारा वर्षांत न बोलावता पहिल्यांदा.

"साहेब, सिदूला एकदा विचारून घेतलं असतं तर बरं झालं असतं."

आबासाहेब रागावले नाहीत. ते रागावले असते तर कमलाकरला सोपं गेलं असतं. त्यांनी मोठ्या समजुतीने चष्मा काढला. "मंगळवेढेकर, सरकारात मामलेदाराची बदली होते. त्याला विचारतात का? आणि हा बिगारी. त्याचं कल्याणच आहे यात."

"मामलेदाराच्या बदल्यात कुत्री देत नाहीत, साहेब."

वाक्य तोंडातून निघून गेलं. आबासाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"हॉटेलात बरीच चर्चा चालते असं कानावर येतं माझ्या," ते म्हणाले. "रविवारी रेल्वेच्या टीमशी मॅच आहे. राजेसाहेबांचे कारभारी येणार आहेत. चहाच्या सुट्टीत आपण सिदूचा सत्कार करू. हार, फेटा. तुम्ही पत्राचा मराठीत गोषवारा वाचून दाखवा, म्हणजे लोकांना कळेल की केवढा मान मिळाला आहे. शेवटची ओळ तेवढी सोडा."

"मीच वाचू?"

"तुम्हीच. गैरसमज तुम्हीच पसरवलेत ना?"

रविवारी गिरणीमागच्या मैदानावर कधी नव्हे एवढी गर्दी लोटली. बातमी खात्याखात्यातून फिरली होती. रिळातल्या बायकासुद्धा बांधावर येऊन बसल्या होत्या. शामियान्यात आबासाहेब, त्यांच्या शेजारी जरीची टोपी घातलेले कारभारी. मागे लिंबाच्या सावलीत संस्थानचा एक नोकर दोन लांब पायांची, निमुळत्या तोंडाची कुत्री धरून उभा होता. त्यांच्यापुढे पितळी वाडग्यात दूध होतं. बाजूला ट्रंकेवर एक तिशीचा माणूस बसला होता. हाच एकनाथ सांगवडेकर असणार, हे कमलाकरने ओळखलं. आणखी एक साठ रुपयेवाला, असं मनात म्हणून त्याने तोंड फिरवलं.

सिदू त्या दिवशी असा काही टाकत होता की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर पडलेला चेंडू कुठे वळेल याचा रेल्वेवाल्यांना पत्ता लागत नव्हता. चहाच्या सुट्टीपर्यंत त्याने एकोणीस धावांत सहाजण परत पाठवले. दर विकेटीला मैदान गर्जत होतं, आणि दर गर्जनेला कारभारी आबासाहेबांकडे बघून समाधानाने मान डोलवत होते. बाजारात घेतलेली वस्तू चोख निघाल्यावर माणूस डोलवतो तशी. कमलाकरने ते पाहिलं आणि वहीत पेन्सिलीचं टोक मोडलं.

सुट्टी झाली. सिदूला शामियान्यापुढे आणून हार घातला, डोक्यावर फेटा ठेवला. आबासाहेबांनी दोन शब्द बोलून कमलाकरला खूण केली.

कमलाकर खुर्चीवर उभा राहिला.  त्याने वाचायला सुरुवात केली. "आमचा डावखुरा बोलर सिदू बंडगर याला येत्या महिन्यापासून कायमचा आपल्या पदरी पाठवीत आहोत." काही मुकादमांनी टाळ्या वाजवल्या. "त्याच्या बदल्यात आपले बॅट्समन एकनाथ सांगवडेकर आमच्याकडे यावेत."

इथे थांबायचं होतं. सिदू मान खाली घालून उभा होता. फेटा त्याला मोठा झाला होता, भुवयांपर्यंत आला होता. सावलीत कुत्री दूध चाटत होती.

"आणि," कमलाकर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, एवढा तो मोठा होता. "आणि गेल्या शिकारीत कबूल केल्याप्रमाणे कारवानी कुत्र्यांची एक जोडी!"

 हॉटेलात ज्या गोष्टीवर लोक हसले होते, तीच गोष्ट कागदावरून, साहेबाच्या देखत, सिदू समोर उभा असताना ऐकली तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. मग बांधावरून मायाक्काचा आवाज आला.

"आन् मी? मला कशाच्या बदल्यात धाडता? शेळीच्या का कोंबडीच्या?"

आणि मैदान उसळलं. कोण काय ओरडतंय ते कळेना. "शरम! शरम!" एवढं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं. लोक दोरी ओलांडून आत आले. तीस सालच्या सोलापूरच्या मार्शल लॉनंतर गिरणीवाल्यांचा जमाव म्हटला की साहेबलोकांना घाम फुटायचा. आबासाहेब पांढरेफटक पडले.

"मंगळवेढेकर, खाली उतरा!"

सिदूने हात वर केला. तो कधी चारचौघांत बोललेला कुणी ऐकला नव्हता. त्याने डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी काढला, हार काढला आणि दोन्ही टेबलावर नीट ठेवले.

"साहेब," तो म्हणाला, "मला एकदा इचारलं असतं तर गेलोबी असतो. राजाच्या टीमात कुनाला न्हाय खेळू वाटायचं? पन आता न्हाय जात. कामावनं काडा, चाळीतनं काडा. न्हाय जात."

मग तो चेंडू मागायला पंचाकडे वळला. "चार गडी ऱ्हायल्यात. डाव पुरा करू."

तेवढंसुद्धा आबासाहेबांनी होऊ दिलं नाही. त्यांनी चटई गुंडाळायला सांगितली. रेल्वेचा कप्तान, ज्याची टीम हरत होती, तोच येऊन तावातावाने भांडला की हे खेळाला धरून नाही. पण चटई गुंडाळली गेली. कमलाकरने वहीत लिहिलं: बंडगर, सहा विकेटा, एकोणीस धावा, मॅच अपुरी. आणि 'अपुरी'खाली दोन रेघा मारल्या.

कारभारी एक शब्द न बोलता कुत्र्यांसकट मोटारीत बसले. एकनाथ सांगवडेकर ट्रंक उचलून मोटारीपाशी गेला तर त्यांनी काच अर्धी खाली केली. "तुमचं नाव आमच्या दप्तरातून कमी झालं आहे," म्हणाले. मोटार गेली. एकनाथ ट्रंक घेऊन मैदानात उभा राहिला. सांगवडेकरचं काय करायचं हे गिरणीच्या माणसांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी कमलाकरच त्याला घरी घेऊन गेला. वाटेत तो मुद्दामच म्हणाला, "तुमच्यासारख्याला साठ देतात आणि सिदूला अठरा, याची तुम्हाला कल्पना आहे?"

"नाही," एकनाथ म्हणाला. "पण तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबर आहे." थोडं चालून तो पुढे म्हणाला, "पाच वर्षांत ही माझी तिसरी टीम. मलाही कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या सिदूला निदान कळलं तरी. गेल्या खेपेला माझ्या बदल्यात काय दिलं होतं, ते मला अजून ठाऊक नाही."

कमलाकरने ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने एकनाथ माढ्याला गेला. तिथे त्याचा थोरला भाऊ शाळामास्तर होता. पुढे तोही तिथेच मास्तर झाला आणि पोरांना फुकट क्रिकेट शिकवू लागला, असं त्याच्या पत्रावरून कळलं.

सोमवारी कमलाकरची नेमणूक कापसाच्या गोदामात झाली. पगार पाच रुपयांनी कमी. स्कोअरची वहीही काढून घेतली. त्याने घरी सांगितलं तेव्हा सरोजिनी तांदूळ निवडत होती.

"ती शेवटची ओळ खालच्या आवाजात वाचलीत की मोठ्याने?"

"मोठ्याने."

"मग पाच रुपये कमी आले तरी भागवू," ती म्हणाली.

सिदूला मात्र कामावरून काढायची आबासाहेबांची छाती झाली नाही. रिळाच्या बायकांनी साचे बंद ठेवायची भाषा केली होती. त्याचा बोलिंगचा एक रुपया तेवढा कापला आणि टीममधून नाव काढलं. सबंध वर्ष तो फक्त कापूस पिंजत राहिला. टीम रेल्वेशी हरली, पोलिसांशी हरली, नवशिक्या कॉलेजवाल्यांशीसुद्धा हरली. पुण्याच्या साठ रुपयेवाल्याने तेवढ्या अवधीत दोनदा भोपळा काढला.

पुढच्या कार्तिकात आबासाहेबांनी सिदूला बोलावलं. सिदू एकटा गेला नाही, मायाक्काला बरोबर घेऊन गेला. काय झालं ते तिने नंतर गोदामात येऊन कमलाकरला सांगितलं.

"साहेब म्हनले, खेळशील का? म्या म्हनलं, आता कसं इचारलं! पंचवीस द्या, आन् आमाला इचारल्याबिगर कुटं धाडायचं न्हाय, तसं लिवून द्या."

"मग?"

"लिवून दिलं. पन बावीसच."

"बावीस?" कमलाकर वजनकाट्यापासून ताडकन उठला. "एक्केचाळीस विकेटांचे बावीस? आणि तो पुण्याचा?"

"त्येला साठच हायत." मायाक्का म्हणाली. "तुमचंबी इचारलं ह्येंनी. भाऊसाहेबांना परत वहीवर घ्या म्हनले. साहेब म्हनले, त्ये न्हाय जमायचं."

"माझं सोड. बावीस घेतलेत कशाला? अडून बसायचं होतंत!"

"तुमी बसला असता व्हय अडून?" ती म्हणाली, पण या वेळी तिच्या बोलण्यात धार नव्हती. "अठरावर चार रुपयं वाढल्यात. आन् कागद हाय हातात. फुडच्या वरसाला फुडचं बघू."

त्या संध्याकाळी विरुपाक्षच्या हॉटेलात कमलाकरने बावीस या आकड्याची सालटी काढली. विरुपाक्षने मध्येच विचारलं, "पण कमलाकरराव, साहेबाला सांगितलं का?" कमलाकर म्हणाला, "लेखी दिलंय. दुपारीच. सही करून." आणि कुणाची वाट न बघता पुढे बोलायला लागला.

सीझनची पहिली मॅच पोलिसांशी होती. कमलाकर आता शामियान्यात नव्हता. तो बांधावर रिळाच्या बायकांशेजारी, सरोजिनीने दिलेलं शेंगदाण्याचं पुडकं मांडीवर ठेवून बसला होता. सिदूचा सातवा चेंडू बॅट्समनच्या पायाला लागून यष्टीवर गेला आणि तो माणूस परत निघाला. शामियान्यातल्या नव्या कारकुनाने पंचाकडे न बघताच वहीत काहीतरी खरडलं आणि फळ्यावर चढवलं: धावचीत.

"धावचीत?" कमलाकर उभाच राहिला. शेंगदाणे मातीत सांडले. "अहो, धावला कोण होता? बोल्ड आहे तो! बोल्ड! त्याच्या नावावर मांडा!"

"काय झालं हो भाऊसाहेब?" मायाक्काने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याची विकेट खाल्ली त्यांनी," कमलाकर म्हणाला, आणि दोरी ओलांडून तरातरा शामियान्याकडे निघाला.